कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन गिटमध्ये ठेवाव्यात की गाळाव्यात?

प्रश्न : टॅबकीस्पेस

नमस्कार मंडळी. आमचा सी भाषेतील एक लहानसा मुक्तस्रोत प्रकल्प आहे. कारखान्यांतील मापनयंत्रांकडून सीरिअल पोर्टवर येणारी माहिती वाचणारी एक लायब्ररी आणि तिच्यासोबत कमांड लाइनवर चालणारी काही छोटी साधने, एवढाच त्याचा पसारा आहे. बिल्डची सारी व्यवस्था ऑटोटूल्सवर, म्हणजे प्रत्येक यंत्रानुसार बिल्ड जुळवून घेणाऱ्या साधनसंचावर, उभी आहे. हाताने लिहिलेल्या फाइली म्हणजे एक कॉन्फिगर.एसी आणि प्रत्येक फोल्डरमधील मेकफाइल.एएम. त्यांच्यापासून ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही साधने कॉन्फिगर नावाची शेल स्क्रिप्ट, एसीलोकल.एम४ आणि प्रत्येक फोल्डरसाठी एक मेकफाइल.इन तयार करतात. अडचण अशी की, या तयार झालेल्या सर्व फाइलीसुद्धा पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (स्रोताच्या बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली) कमिट, म्हणजे नोंद, केलेल्या आहेत.

याचे दोन त्रास सध्या होत आहेत. आमच्यापैकी काहींच्या यंत्रावर उबुंटू २०.०४ आहे, त्यात ऑटोकॉन्फ २.६९ मिळते; काहींकडे उबुंटू २२.०४ आहे, त्यात २.७१ मिळते. कॉन्फिगर.एसीमध्ये कोणी एक ओळ बदलली की त्याच्या यंत्रावरील आवृत्तीनुसार संपूर्ण कॉन्फिगर नव्याने लिहिली जाते, पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासणीसाठी मांडला जातो तेथे) हजारो ओळींचा फरक दिसतो आणि ज्या दोन ओळी खरोखर तपासायच्या असतात त्या त्यात हरवून जातात. दोन ब्रँचमध्ये असे घडले की मर्जच्या वेळी कॉन्फिगरमध्ये कॉन्फ्लिक्ट येतात, आणि ते कोणी सोडवायचे व कसे सोडवायचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

दुसरा त्रास अधिक गूढ आहे. सीआय म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड करून पाहणारी व्यवस्था; तिच्या कंटेनरमध्ये (बिल्डसाठीच्या स्वतंत्र, बंदिस्त वातावरणात) केवळ कंपायलर आणि मेक आहे, ऑटोमेक नाही. तेथे ताजा क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घेऊन बिल्ड केले असता कधी ते बिनबोभाट पूर्ण होते, तर कधी ‘एसीलोकल-१.१६ सापडत नाही’ असे सांगून थांबते. कमिट तोच, कंटेनर तोच, परिणाम मात्र निराळा.

संघात यावर दोन तट पडले आहेत. एका गटाच्या मते जी फाइल यंत्राने तयार केली ती रिपॉझिटरीत असताच कामा नये. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, आमचे बरेच वापरकर्ते थेट क्लोन करून ‘कॉन्फिगर’ आणि मग ‘मेक’ एवढेच चालवतात. त्यांना ऑटोटूल्स बसवायला सांगणे म्हणजे त्यांना घालवून देणे आहे. यात बरोबर कोण? आणि फाइली काढायच्याच ठरल्या, तर त्या नीट कशा काढाव्यात?

---

प्रतिसाद : अर्धविराम

आधी दुसऱ्या त्रासाचे कारण पाहू, कारण ते समजल्यावर पहिल्याबद्दलचा निर्णय बराच सोपा होतो.

मेक हे बिल्ड चालवणारे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिले. एखादी फाइल शिळी झाली आहे की नाही, हे ठरवण्याचा त्याचा एकमेव निकष तेव्हा होता तोच आजही आहे: ज्या फाइलीपासून ती बनते तिच्यावरील बदलाची वेळ हिच्यावरील वेळेपेक्षा नंतरची आहे का? ऑटोमेकने तयार केलेल्या मेकफाइलमध्ये केवळ तुमच्या सी फाइलींचे नियम नसतात, तर खुद्द बिल्डच्या फाइलींचेही नियम असतात. एसीलोकल.एम४ ही कॉन्फिगर.एसीवर अवलंबून, कॉन्फिगर ही त्या दोहोंवर अवलंबून, आणि प्रत्येक मेकफाइल.इन ही आपापल्या मेकफाइल.एएमसह या सर्वांवर अवलंबून, अशी ती साखळी आहे. यातील एखादी फाइल मेकला शिळी वाटली की ते एसीलोकल, ऑटोमेक किंवा ऑटोकॉन्फ चालवायला निघते. ती साधने यंत्रावर नसतील तर ‘मिसिंग’ नावाची छोटी स्क्रिप्ट तुम्ही दिलेला संदेश छापते आणि बिल्ड तेथेच थांबते.

आता गिटकडे पाहा. गिट फाइलीचा मजकूर, तिचे नाव आणि ती चालवता येण्याजोगी आहे की नाही एवढेच साठवते. बदलाची वेळ साठवत नाही. क्लोन करताना प्रत्येक फाइल डिस्कवर ज्या क्षणी लिहिली गेली ती तिची वेळ होते. सर्व फाइली जवळजवळ एकाच वेळी लिहिल्या जातात, पण आजच्या फाइल प्रणाली सेकंदाच्या फार लहान अंशापर्यंत वेळ नोंदवतात, त्यामुळे कॉन्फिगर.एसी आणि एसीलोकल.एम४ यांपैकी नंतर कोण ठरेल याची कोणतीही हमी नसते. तुमच्या कंटेनरमध्ये कधी एक नंतर लिहिली जाते, कधी दुसरी. गूढ एवढेच आहे. गिटने वेळ जपायला हवी होती असे काहींना वाटते, परंतु तसे केले असते तर मोठा घोटाळा झाला असता: जुन्या ब्रँचवर गेल्यावर फाइलींवर जुन्या वेळा आल्या असत्या, मेकला काहीच बदलले नाही असे वाटले असते आणि नव्या ब्रँचच्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या स्रोताशी जोडल्या गेल्या असत्या.

तेव्हा तयार झालेल्या फाइली कमिट करायच्या असतील, तर या वेळांच्या शर्यतीची सोय आधी लावावी लागते. कॉन्फिगर.एसीमध्ये ‘एएम_मेंटेनर_मोड’ हा मॅक्रो घातला की पुनर्निर्मितीचे हे नियम एरवी बंद राहतात आणि विकसकाने कॉन्फिगरला मेंटेनर मोडचा पर्याय दिला तरच सुरू होतात. याचीही एक किंमत आहे: ज्याने मेकफाइल.एएममध्ये बदल केला आणि तो पर्याय दिला नाही, त्याचा बदल गुपचूप दुर्लक्षित राहतो.

आता तुमच्या मूळ वादाबद्दल. ‘यंत्राने बनवलेली फाइल कमिट करू नये’ हे सूत्र कानाला छान वाटते, पण अनुभवी प्रकल्प ते सरसकट पाळत नाहीत, आणि त्यामागे आळस नाही. सीपायथनच्या, म्हणजे पायथन भाषेच्या मुख्य अंमलबजावणीच्या, रिपॉझिटरीत कॉन्फिगर कमिट केलेली असते. मात्र ती कोणाच्याही यंत्रावरून येत नाही: एका ठरावीक आवृत्तीचे ऑटोकॉन्फ असलेल्या कंटेनरमध्ये ती पुन्हा तयार करण्याची स्क्रिप्ट त्या प्रकल्पातच ठेवलेली आहे, आणि कमिट केलेली फाइल ताजी आहे की नाही हे सीआय पडताळून पाहते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या रिपॉझिटरीतही कॉन्फिगर आहे, आणि तेथील कॉन्फिगर.एसी तर ऑटोकॉन्फ २.६९ सोडून अन्य आवृत्ती दिसली की सरळ काम नाकारते. त्याच पोस्टग्रेसमध्ये बायसन आणि फ्लेक्स या साधनांनी तयार केलेल्या पार्सरच्या सी फाइली मात्र गिटमध्ये नसतात. म्हणजे एकाच प्रकल्पात, दोन्ही प्रकारच्या फाइली यंत्रानेच बनवलेल्या असूनही, दोन वेगळे निर्णय आहेत.

माझ्या मते प्रश्न असा विचारावा: रिपॉझिटरीतून थेट बिल्ड कोण करणार आहे, आणि ती फाइल पुन्हा बनवण्याचे साधन त्याच्याजवळ असेल असे गृहीत धरता येते का? गो भाषेतील उदाहरण येथे बोलके आहे. ‘गो जनरेट’ ही अशा फाइली तयार करवून घेणारी आज्ञा २०१४ च्या अखेरीस आलेल्या गो १.४ पासून आहे, पण ‘गो बिल्ड’ ती आपणहून कधीही चालवत नाही. पॅकेज वापरणारा माणूस ते थेट रिपॉझिटरीतून ओढतो आणि त्याच्याकडे प्रोटोबफचा कंपायलर असेलच असे नाही, म्हणून गोच्या जगात तयार झालेल्या फाइली कमिट करणे हीच रूढ रीत झाली आहे. तेथे रिपॉझिटरी हेच वितरण आहे. सी प्रकल्पांत परंपरेने तसे नाही. तेथे वितरण म्हणजे ‘मेक डिस्ट’ने बनवलेला टारबॉल (फाइलींचा एकत्र बांधलेला संग्रह), आणि त्यात कॉन्फिगर असतेच.

ठेवायचे ठरवलेत तर तीन गोष्टी एकत्र कराव्यात, नाहीतर ठेवू नये. पहिली, एकच आवृत्ती बांधून घ्यावी आणि ती कंटेनरमध्ये असावी. दुसरी, सीआयमध्ये ऑटोरीकॉन्फ (ही सारी साधने क्रमाने चालवणारी आज्ञा) चालवून नंतर ‘गिट डिफ’ला ‘एक्झिट-कोड’ हा पर्याय द्यावा. फरक निघाला तर तपासणी नापास. तिसरी, गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन यांच्यासाठी ‘डिफ’ आणि ‘मर्ज’ हे दोन्ही गुणधर्म उणे चिन्ह लावून बंद करावेत. त्यामुळे हजारो ओळींचा फरक छापला जात नाही, आणि मर्जच्या वेळी गिट दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकांत मिसळण्याऐवजी तुमच्या ब्रँचची प्रत तशीच ठेवून कॉन्फ्लिक्ट जाहीर करते. तो कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवायचाच नसतो. आधी कॉन्फिगर.एसी आणि मेकफाइल.एएम यांचे मर्ज नीट करावे, मग ऑटोरीकॉन्फ चालवावे आणि जे निघेल ते कमिट करावे.

तुमची आजची स्थिती, म्हणजे फाइली कमिट केलेल्या पण आवृत्ती मोकळी, ही मात्र दोन्ही पर्यायांतील तोटे पदरात पाडून घेणारी आहे.

---

प्रतिसाद : घाटमाथा

वरील प्रतिसादातील वेळांच्या शर्यतीचे स्पष्टीकरण उत्तम आहे, पण निष्कर्ष मला थोडा मवाळ वाटला. सीपायथन आणि पोस्टग्रेस यांच्याकडे ती शिस्त राबवायला माणसे आहेत. लहान संघाने ठरावीक आवृत्तीचा कंटेनर वर्षानुवर्षे सांभाळत बसण्यापेक्षा फाइली काढून टाकणे स्वस्त पडते.

कमिट केलेली कॉन्फिगर वापरकर्त्याची सोय करते हा युक्तिवादही अर्धाच खरा आहे. कॉन्फिगरच्या सोबत येणाऱ्या कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फाइली यंत्राचा प्रकार ओळखतात. त्या ज्या वर्षी कमिट झाल्या त्या वर्षापर्यंतचेच प्रोसेसर त्यांना ठाऊक असतात. ६४-बिट आर्म यंत्रे आली तेव्हा जुन्या टारबॉलमधील कॉन्फिगर ‘हे यंत्र ओळखता येत नाही’ असे म्हणून थांबू लागली. लिटल-एंडियन पॉवरपीसी यंत्रांवर जुन्या लिबटूलमुळे (लायब्ररी बांधण्याचे साधन) शेअर्ड लायब्ररीच तयार होईनाशी झाली. स्रोतात एका अक्षराची चूक नसताना शेकडो पॅकेजे अडकली. डेबियन या लिनक्स वितरणाने त्यावर शेवटी असा मार्ग काढला की, त्याच्या डेबहेल्पर या पॅकेज बांधण्याच्या साधनाच्या सुसंगतता पातळी १० पासून प्रत्येक पॅकेज बांधताना ऑटोरीकॉन्फ आपोआप चालवले जाते. म्हणजे तुम्ही जपून ठेवलेली कॉन्फिगर डेबियन पहिल्याच पायरीला फेकून देते आणि स्वतःची बनवते. फेकून दिली जाणारच आहे ती फाइल तपासण्यात आपल्या सहकाऱ्यांचा वेळ का घालवावा?

काढण्याची पद्धत सांगतो, कारण प्रश्नाचा तो भाग अजून कोणी घेतलेला नाही.

गिट-इग्नोरमध्ये (गिटने कोणत्या फाइली दुर्लक्षित कराव्यात याची यादी) नाव लिहिल्याने आधीपासून कमिट असलेली फाइल दुर्लक्षित होत नाही. तो नियम केवळ गिटला अनोळखी असलेल्या फाइलींना लागू होतो. म्हणून आधी ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन फाइली नोंदीतून काढाव्यात, त्याच कमिटमध्ये गिट-इग्नोर बदलावी आणि त्याच कमिटमध्ये ऑटोजेन.एसएच नावाची स्क्रिप्ट घालावी. तिच्यात ‘ऑटोरीकॉन्फ’ आणि तिला ‘इन्स्टॉल’ हा पर्याय, एवढी एक ओळ पुरते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कमिटमध्ये गेल्या तर पुढे ‘गिट बायसेक्ट’ करणाऱ्याला, म्हणजे दोष कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याला, मधला एखादा कमिट असा लागतो, जो कोणत्याच प्रकारे बिल्ड होत नाही.

येथे एक धोका सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवावा. ‘कॅश्ड’ पर्यायामुळे तुमच्या यंत्रावरील फाइली जागेवर राहतात, परंतु इतरांनी तो कमिट ओढला की त्यांच्या फोल्डरमधून त्या पुसल्या जातात, कारण त्यांच्या दृष्टीने तो फाइली हटवणारा कमिटच असतो. कॉन्फिगर पुन्हा बनवता येते म्हणून येथे ते चालते. एखाद्याने स्थानिक सेटिंगची फाइल अशाच रीतीने काढली, तर इतरांची सेटिंगे जातील.

गिट-इग्नोर लिहिताना नावाच्या आधी तिरकी रेघ द्यावी, म्हणजे तो नियम फक्त मुळाशी असलेल्या फाइलीला लागू होतो. नुसते ‘कॉन्फिगर’ लिहिले तर आतील एखाद्या फोल्डरमधील, हाताने लिहिलेली, त्याच नावाची फाइलही कोणाच्या लक्षात न येता बाहेर राहील. एम४ नावाचे फोल्डर सरसकट दुर्लक्षित करण्याचा मोह तर अवश्य टाळावा: त्यात लिबटूलने आणून टाकलेल्या फाइली असतात तशाच तुमच्या स्वतःच्या मॅक्रोंच्या फाइलीही असतात. एखादी फाइल नेमकी कोणत्या नियमामुळे गाळली जात आहे असा प्रश्न पडला, तर ‘गिट चेक-इग्नोर’ला ‘व्ही’ पर्याय दिल्यास नियमाची फाइल आणि ओळ क्रमांक दोन्ही समजतात. एडिटरच्या वैयक्तिक फाइली मात्र प्रकल्पाच्या गिट-इग्नोरमध्ये घालू नयेत. प्रत्येकाने त्या आपल्या यंत्रावरील सामाईक यादीत ठेवाव्यात.

आवृत्तीचा प्रश्न एवढ्याने मिटतो का? बराचसा. संघात किंवा वापरकर्त्यांत कोणी रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ वर असेल तर तेथे ऑटोकॉन्फ २.६९ आहे, म्हणून किमान आवृत्ती सांगणाऱ्या ‘एसी_प्रीरेक’मध्ये २.६९ लिहावे आणि सीआयमध्ये २.६९ व २.७१ या दोन्हींवर बिल्ड करावे. २.६९ हे २०१२ चे आहे आणि त्यानंतरचे २.७० थेट २०२० च्या डिसेंबरात आले, त्यामुळे मधल्या काळात कालबाह्य ठरलेल्या मॅक्रोंबद्दल नवी आवृत्ती बरीच कुरकुर करते. त्या सूचना वाचून घ्याव्यात, जुने मॅक्रो आपोआप बदलणारे ‘ऑटोअपडेट’ डोळे झाकून चालवू नये.

---

प्रतिसाद : टॅबकीस्पेस

दोघांचेही आभार. कंटेनरमधील गूढ उकलले. काढण्याकडेच आमचा कल होत आहे. मात्र थेट क्लोन करणाऱ्या वापरकर्त्यांना ‘यापुढे टारबॉल घ्या’ असे सांगायचे, तर तो टारबॉल कसा आणि कोणी बनवायचा? आजवर आमच्यातील एक ज्येष्ठ सहकारी आपल्या लॅपटॉपवर ‘मेक डिस्ट’ चालवून फाइल चढवत आले आहेत.

---

प्रतिसाद : चेकसम

लॅपटॉपवरून चढवण्याची ही रीत आता बंद करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. त्यात त्या सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवण्याचा हेतू नाही. २०२४ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेले एक्सझेड या फाइली संकुचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण याच सांध्यावर घडले होते, आणि या धाग्यात त्याचा उल्लेख अद्याप कसा आला नाही याचे मला थोडे नवल वाटते.

एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा मुख्य ऐवज चाचणीसाठीच्या संकुचित फाइलींच्या वेषात गिटमध्येच पडून होता, परंतु तो उघडून बिल्डमध्ये घुसवणारा धागा गिटमध्ये नव्हता. तो बिल्ड-टू-होस्ट.एम४ या फाइलीच्या बदललेल्या प्रतीत होता, आणि ती प्रत केवळ प्रकाशित टारबॉलमध्ये होती. गिटचा इतिहास कितीही बारकाईने वाचला तरी ती दिसली नसती. टारबॉलमध्ये असणाऱ्या पण गिटमध्ये नसणाऱ्या एम४ आणि कॉन्फिगर फाइलींकडे कोणी पाहत नाही, हे हल्लेखोराला ठाऊक होते. पोस्टग्रेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्यांनी त्याचा माग काढून २९ मार्चला ते जाहीर केले. त्या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक मिळाला.

यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की तयार फाइली गिटमध्येच ठेवाव्यात, म्हणजे निदान त्या सर्वांच्या नजरेसमोर राहतील. मला तो पटत नाही. हजारो ओळींचा फरक पुल रिक्वेस्टमध्ये आला की कोणी वाचत नाही, हे प्रश्नातच लिहिलेले आहे, आणि अर्धविराम यांनी सुचवल्याप्रमाणे ‘डिफ’ बंद केला तर तो दिसणारही नाही. त्यांची सीआयमधील पडताळणी असेल तरच ती सूचना सुरक्षित आहे. तिच्याशिवाय नुसता ‘डिफ’ बंद करू नये.

टारबॉलबद्दल अधिक सरळ मार्ग असा: टॅग (प्रकाशित आवृत्तीची खूण) लावल्यावर सीआयने स्वच्छ कंटेनरमध्ये क्लोन करावे, ऑटोजेन चालवावे आणि ‘मेक डिस्टचेक’ चालवावे. डिस्टचेक हे डिस्टपेक्षा खूप कडक आहे. ते टारबॉल बनवून तो उलगडते, स्रोताचे फोल्डर केवळ वाचता येईल असे करते, वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करते, चाचण्या चालवते आणि साफसफाईनंतर काही उरले का तेही पाहते. एखादी हेडर फाइल मेकफाइल.एएममध्ये लिहायची राहून गेली असेल तर ती गिटमध्ये असल्यामुळे रोजच्या बिल्डमध्ये कधीच कळत नाही. येथे लगेच कळते.

पुढची पायरी म्हणजे तोच टॅग घेऊन दुसऱ्या कोणालाही बाइटबरहुकूम तोच टारबॉल बनवता यावा. त्यासाठी टारमध्ये फाइलींची नावे क्रमाने लावावीत, सर्वांवर टॅगच्या कमिटची वेळ घालावी, मालक आणि गट शून्य करावेत, आणि जीझिपला ‘एन’ पर्याय द्यावा, म्हणजे मूळ नाव व वेळ त्यात शिरत नाही. ‘सोर्स_डेट_इपॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवून दिले की अनेक साधने आपणहून तीच वेळ वापरतात. मग दोन वेगळ्या यंत्रांवर बनवलेल्या टारबॉलचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) जुळले, तरच प्रकाशित करावा.

गिटहब प्रत्येक टॅगखाली आपोआप जो ‘सोर्स कोड’ नावाचा संग्रह दाखवते, त्यावर या कामासाठी विसंबू नये. एक तर त्यात कॉन्फिगर नसेल. दुसरे म्हणजे, तो संग्रह मागणीनुसार तयार केला जातो: २०२३ च्या जानेवारीत गिटहबवर गिटची नवी आवृत्ती आल्याने संकोचनाची पद्धत बदलली, आतील मजकूर तोच असूनही हॅश बदलले, आणि ठरावीक हॅशवर विसंबलेली कितीतरी बिल्ड मोडली, गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. आपण बनवलेला टारबॉल स्वतंत्र फाइल म्हणून चढवावा आणि वाचकाने कोणती फाइल उतरवायची ते रीडमीमध्ये स्पष्ट लिहावे.

आणखी एक. पोस्टग्रेसने आवृत्ती १७ पासून टारबॉलमध्येही बायसन-फ्लेक्सच्या तयार फाइली देणे थांबवले आहे; बिल्ड करणाऱ्याकडे ती साधने हवीतच, असे ते आता मानतात. हा निर्णय एक्सझेड प्रकरणाच्या आधीच झाला होता. तुमचे वापरकर्ते कारखान्यांतील लोक आहेत, तेव्हा तुम्ही इतके पुढे जावे असे मी म्हणणार नाही.

---

प्रतिसाद : रिकामटेकडा

थोडे शेजारच्या गल्लीतले, पण याच विषयाचे. हा धागा वाचून जावा किंवा जावास्क्रिप्टवाल्या कोणी सगळ्याच तयार फाइली गाळायला घेतल्या, तर पंचाईत होईल. जावास्क्रिप्टमधील एनपीएम या पॅकेज-साधनाची पॅकेज-लॉक.जेसन ही फाइल यंत्रच लिहिते, तरीही ती कमिट करायची असते, कारण तिच्यात नोंदवलेला निर्णय, म्हणजे त्या दिवशी कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती निवडली गेली, तो पुन्हा चालवून तसाच मिळत नाही. कॉन्फिगर त्याच साधनाने उद्या तशीच बनते; लॉक फाइल उद्या वेगळी बनू शकते. सीआयमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावे, ते लॉक फाइलीबरहुकूम चालते आणि विसंगती दिसली तर थांबते.

जावाकडील ग्रेडल या बिल्ड-साधनाची ग्रेडल-रॅपर.जार तर चक्क बायनरी आहे आणि तीही कमिट करणेच अपेक्षित असते, नाहीतर क्लोन करणाऱ्याला ग्रेडल आधी स्वतः बसवावे लागेल. मात्र ती कोणी बदलली तर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा हॅश ग्रेडलने प्रसिद्ध केलेल्या हॅशशी सीआयमध्ये ताडून पाहावा. ‘जार दिसली की गाळा’ असा नियम गिट-इग्नोरमध्ये असेल तर रॅपरसाठी उद्गारचिन्ह देऊन अपवाद लिहावा लागतो.

---

प्रतिसाद : टॅबकीस्पेस

फाइली काढायचे ठरले. एकच शंका उरली आहे. आजवर कॉन्फिगरच्या असंख्य आवृत्त्या कमिट झाल्या आहेत. इतिहासातूनही त्या पुसाव्यात असे एका सहकाऱ्याचे मत आहे, म्हणजे क्लोन हलका होईल. ते करावे का?

---

प्रतिसाद : अर्धविराम

करू नये. आधी ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स’ला ‘व्ही’ आणि ‘एच’ हे पर्याय देऊन रिपॉझिटरीचा आकार पाहावा. कॉन्फिगर ही मजकुराची फाइल आहे, आणि पॅकफाइलमध्ये गिट एकमेकांशी मिळत्याजुळत्या आवृत्त्यांचे केवळ फरक साठवून ते संकुचित करते, त्यामुळे तिच्या शेकडो आवृत्त्याही सहसा फार जागा घेत नाहीत. उलट इतिहास पुन्हा लिहिला की त्या ठिकाणापासून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो, जुने टॅग आणि त्यांवरील सह्या निरर्थक होतात, आणि ज्याच्याकडे जुना क्लोन आहे त्याने चुकून मर्ज करून पुश केले की पुसलेला सगळा इतिहास परत येतो. जुन्या टॅगवरून पूर्वी प्रकाशित केलेली आवृत्ती जशीच्या तशी बिल्ड करण्याची सोयही जाते.

कधीकाळी कोणी बांधलेल्या लायब्ररीच्या बायनरी फाइली किंवा मोठे संग्रह कमिट केले असतील आणि आकार त्यांच्यामुळे फुगला असेल, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी इतिहास पुन्हा लिहिणारे ‘गिट फिल्टर-रेपो’ आहे, आणि ते सर्वांनी एकाच दिवशी नवे क्लोन घेण्याची तयारी झाल्यावरच चालवावे. कॉन्फिगरसाठी एवढे पुरे: काढण्याच्या कमिटच्या आधी एक टॅग लावून ठेवावा, आणि ज्या जुन्या ब्रँचवर अजून दुरुस्त्या होतात तेथे फाइली आहेत तशाच राहू द्याव्यात. मुख्य ब्रँच आणि जुनी ब्रँच यांत ये-जा करताना गिट दुर्लक्षित फाइलींवर न विचारता लिहिते, म्हणून दोन्हींसाठी ‘गिट वर्कट्री’ने वेगळी फोल्डरे करून घ्यावीत.